गावातला माणूस घडवायचा कसा: शिबिरात की दर आठवड्याला?

पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याच्या कामाची स्पर्धा, 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाला. गावातून निवडलेले लोक काही दिवसांच्या निवासी शिबिरात माथा ते पायथा उपचार (डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत पाणी अडवणं), सीसीटी (उतारावरचे सलग समतल चर), शिवारफेरी (गावचं शिवार फिरून बघणं) हे शिकायचे आणि गावी परतून लोकांना श्रमदानाला उतरवायचे. हाताशी दिवस 45. ईर्षा पेटायची, काम उरकायचं.

जामखेडची रीत अगदी उलटी. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. आरोग्यसेविका म्हणून गावानेच निवडलेल्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, काही दलित. त्या आठवड्याला केंद्रावर यायच्या, थोडं शिकायच्या, गावी करून बघायच्या आणि अडलेलं घेऊन परत यायच्या. बाळंतपण, जुलाब यांच्याबरोबरच स्वच्छ पाणी, झाडं, बचत हेही बोलण्यात यायचं. आधी स्वतःबद्दलची भीती जायची, मग औषधाचं ज्ञान. (हा क्रम बहुतेक प्रशिक्षकांना सुचतच नाही.)

बांध घालायचा असेल तर शिबिर पुरतं. पण पाणी आल्यावर ऊस लावायचा की ज्वारी, हा वाद मिटवायला मला जामखेडसारखी, दर आठवड्याला विचारायला जागा असलेली बाईच हवी.