गनवर दहा, इंजिनावर सहा

नाशिकच्या सिडकोतल्या एका पद्मिनी गाडीच्या मालकाने ऑनलाईन टायमिंग गन मागवली, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी किती अंशांवर प्लगची ठिणगी पडते (टायमिंग) ते लुकलुकून दाखवणारा दिवा. खोक्यावर झेनॉन दिवा, ॲडव्हान्सचा नॉब आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाखवणारी स्क्रीन, किंमत तीन हजारांच्या आत. डेल्कोतल्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या) पॉइंटची, म्हणजे करंट तोडणाऱ्या संपर्काची, गॅप लावून झाल्यावर गन जोडली, नॉब दहावर ठेवला, डेल्को फिरवत इंजिनाच्या पुलीवरची खूण शून्याच्या स्थिर टोकासमोर आणली आणि डेल्कोचा बोल्ट आवळला. आयडलला गाडी नीट चालली. मुंबईहून परतताना मात्र कसारा घाटात तापमानाचा काटा वर गेला आणि तिसऱ्या गिअरवर गाडी ओढेना.

पुढच्या दोन महिन्यांत कार्बोरेटर साफ झाला, रेडिएटर उतरला, थर्मोस्टॅट आणि कंडेन्सर बदलले, शेवटी डेल्कोही नवा बसला. गनवर कुणी संशय घेतला नाही, कारण गन तर स्क्रीनवर आकडा दाखवत होती. सुरुवातीलाच विक्रेत्याला विचारलं होतं, तर तो आधी म्हणाला, क्लॅम्प (प्लगच्या वायरीवर लावायचा गनचा चिमटा) उलटा लागला असेल. मग म्हणाला, तुमचा डेल्को झिजलाय. या बोलण्यात परतीचे सात दिवस उलटून गेले.

लबाडी नॉबमध्ये होती. नॉब दहावर असला की गनने नंबर एकच्या प्लगला करंट गेल्यावर बरोबर दहा अंशांनी उशिरा लुकलुकायला हवं. ही गन सहाच अंश थांबत होती. म्हणजे खूण शून्यावर दिसत होती तेव्हा इंजिनाचं खरं टायमिंग सहावर होतं, चार अंश मागे. टायमिंग मागे राहिलं की मिश्रण उशिरा पेटतं, ताकद पिस्टनला मिळण्याऐवजी उष्णता सिलिंडरच्या भिंतींना आणि सायलेन्सरला जाते. सपाटीवर गंगापूर रोडला ते जाणवत नाही. घाटात जाणवतं. गन याउलट चुकली असती तर टायमिंग पुढे जाऊन नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) झालं असतं, आणि ते जास्त वाईट, कारण त्यात पिस्टन फुटू शकतो.

नॉब खरा आहे की खोटा, हे दहा मिनिटांत कळतं. इंजिन बंद ठेवून पुलीच्या कडेवर, खूण जिथे आहे तिथे, दोरा एकदा गुंडाळायचा आणि लांबी मोजायची. तिला ३६ ने भागलं की दहा अंशांचं अंतर मिळतं. दोरा ४४० मिमी भरला तर दहा अंश म्हणजे १२.२ मिमी. मूळ खुणेपासून मोजून तेवढ्या अंतरावर व्हाईटनरने दुसरी बारीक रेघ मारायची, पुली ज्या दिशेला फिरते त्या दिशेला. गाडी आयडलला चालू करून नॉब शून्यावर ठेवायचा आणि स्थिर टोकासमोर कुठली जागा दिसते ते पाहायचं. मग नॉब दहावर न्यायचा. पुली फिरण्याच्या दिशेने खूण बरोबर दोन रेघांमधल्या अंतराएवढी सरकली पाहिजे. त्या पद्मिनीवर ती जेमतेम सात मिमी सरकली. पट्टी लावून बघितलं, दोन वेळा बघितलं, सातच. मारुती ८०० वर ही युक्ती जमत नाही, तिथे खूण फ्लायव्हीलवर असते आणि गिअरबॉक्सच्या खिडकीतून पाहावी लागते.

पॉइंट असलेल्या गाडीला दुसरा साक्षीदार म्हणजे साधा १२ व्होल्टचा छोटा बल्ब. कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत बल्ब जोडायचा, इग्निशन चालू करायचं, आणि पान्याने इंजिन हाताने फिरवायचं, नेहमी फिरण्याच्याच दिशेने. उलट फिरवलं तर साखळीची आणि डेल्कोच्या दात्यांची ढिलाई मोजमापात घुसते. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की लागतो. तो ज्या क्षणी लागेल त्या क्षणी पुलीवरची खूण जिथे असेल, ते स्टॅटिक टायमिंग. इग्निशन चालू ठेवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत जास्त वेळ थांबू नका, कॉइल तापते. मग डेल्कोकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडल ७५०–८०० वर आणा आणि गनने पाहा. दोन आकडे एका-दोन अंशांत जुळायला हवेत. चारचा फरक असेल तर डेल्को उघडण्याआधी गन तपासा. फक्त पॉइंटची गॅप आधी लावलेली असावी. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला ०.३५ ते ०.४० मिमी, विलीज जीपला ०.५० मिमी. विलीजचं टायमिंग ५ अंश. आपल्या गाडीचा आकडा मात्र तिच्याच मॅन्युअलमधून घ्या, गल्लीतल्या ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

आता ‘झेनॉन’ या शब्दाची फसवणूक. त्या गनच्या भिंगाच्या आत वाकून पाहिलं तर काचेची नळी नव्हती, पिवळसर चौकोनी ठिपका होता. म्हणजे एलईडी. खऱ्या झेनॉनमध्ये काचेची नळी आणि तिच्या दोन टोकांना धातूच्या टोप्या स्पष्ट दिसतात, लुकलुकताना टिक-टिक असा बारीक आवाजही येतो. एलईडी वाईटच असं नाही, पण तिची लुकलुक किती वेळ टिकते ते महत्त्वाचं. ३००० आरपीएमला पुली एका मिलिसेकंदात १८ अंश फिरते. एलईडी पूर्ण मिलिसेकंद पेटती राहिली तर खुणेच्या जागी फिकट पट्टा दिसतो आणि माणूस त्या पट्ट्याचा मनाला येईल तो भाग वाचतो. खऱ्या नळीची लुकलुक मिलिसेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत मोजावी इतकी छोटी असते, म्हणून रेघ धारदार दिसते. उशिरा लुकलुकण्याचाही हाच हिशोब. गनमध्ये १०० मायक्रोसेकंदांचा कायमचा उशीर असेल तर आयडलला अर्धाच अंश चुकतो, ३००० ला जवळपास पावणेदोन.

जुन्या बाजारातून गन घेताना पहिलं लक्ष क्लॅम्पवर. त्याच्या जबड्यात फेराइटचे दोन काळे, गुळगुळीत तुकडे असतात, बंद केल्यावर त्यांची तोंडं एकमेकांना घट्ट टेकली पाहिजेत. फेराइट ठिसूळ असतं, गन एकदा पडली की त्याचा कपचा उडतो. मग तो चिकटवून गन विकायला ठेवतात. चिकटवलेल्या जागी नखाने घासलं की डिंकाची चकचकीत कड लागते. असा क्लॅम्प मिस मारतो आणि शेजारच्या एचटी वायरचा (प्लगच्या जाड वायरीचा) करंटही पकडतो. क्लॅम्प बाकी वायरींपासून आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, नंबर एकच्या वायरवर, बाण प्लगकडे, असा लावून लुकलुक पाहा. ७५० आरपीएमला सेकंदाला सहाच्या वर लुकलुक येतात, त्या एकसारख्या हव्यात. ३००० ला सेकंदाला २५. स्वस्त गन इथेच दम टाकते, मध्येमध्ये लुकलुक गाळते आणि दोष इंजिनाच्या मिसिंगवर जातो.

६ व्होल्टच्या जुन्या जीपेवर १२ व्होल्टची गन चालत नाही म्हणून ‘गन खराब’ ठरवून ती अर्ध्या किमतीत परत घेण्याचे प्रकार होतात. इंडक्टिव्ह गनला (वायरीवर नुसता क्लॅम्प लावून करंट ओळखणारीला) वीज बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून देता येते, क्लॅम्प जीपेवर ठेवला की काम होतं. पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या, गाडीतही गनचा लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हलाच लागतो.

माझ्या मते घरच्या कामाला नॉब नको, स्क्रीन नको. साधी, इंडक्टिव्ह, खऱ्या झेनॉन नळीची गन घ्या आणि पुलीवर दोऱ्याने मोजून पाच-पाच अंशांच्या रेघा स्वतः मारा. ज्या यंत्रात नॉबच नाही, त्याला त्या बाबतीत खोटं बोलता येत नाही. वायर दीड मीटरच्या खाली असेल तर सोडून द्या. आखूड वायरीमुळे हात पंख्याकडे जातो, आणि गनच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा किंवा हळू सरकताना दिसतो. शर्टाची बाही दुमडा, ओढणी-उपरणं काढून ठेवा.

दुकानातून घेताना पैसे देण्याआधी चालू इंजिनावर लावून पाहा. दुपारच्या उन्हात खूण दिसली तर ती सावलीत दिसणारच. ऑनलाईन घेतली तर खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयात माल असेल तर मूळ देश छापलेला नसेल तर फोटो काढून ठेवा, ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. दोऱ्याची चाचणी गन हातात आल्याच्या दिवशीच करा आणि पट्टीसकट फोटोसह लेखी तक्रार परतीच्या मुदतीत पाठवा, फोनवरच्या सल्ल्यांत दिवस घालवू नका. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता दिल्लीत असला तरी तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. बदललेल्या डेल्कोचं, कंडेन्सरचं बिलही सोबत जोडा. तो खर्च गनच्या खोट्या आकड्यामुळेच झालेला असतो.