भलत्याच जागी गाठ आली: आधी बायोप्सी की आधी पेट स्कॅन?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि आता मानेत, बेंबीपाशी नाहीतर थायरॉइडमध्ये गाठ हाताला लागतेय. जत-तासगावहून मिरजेला पेशंट घेऊन येणाऱ्यांना मग प्रश्न पडतो, आधी काय करायचं: गाठीचा तुकडा काढून तपासायचा, म्हणजे बायोप्सी, की शरीरभर आजार शोधणारा पेट स्कॅन?

आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, म्हणून हा कॅन्सर बहुधा आधी तिथे पसरतो. फुफ्फुस आणि पोटाचं अस्तर ही पुढची नेहमीची ठिकाणं. थायरॉइड, कातडी, स्नायू इथे तो क्वचितच जातो. त्यामुळे तिथली गाठ जुन्याच कॅन्सरची, असं धरून चालू नये. ती नव्या आजाराचीही असू शकते, आणि मग औषधं पार बदलतात.

पेट स्कॅनमध्ये जवळपास सगळं शरीर एकदम दिसतं, हा त्याचा मोठा फायदा. पण तो साखर जास्त खेचणारी जागा दाखवतो, आणि साखर टीबीची गाठही खेचते, पू झालेली जागाही. उलट, चिकट स्राव करणारा म्युसिनस कॅन्सर फिका दिसू शकतो. मेंदूसाठी एमआरआयच लागतो.

बायोप्सीत एकाच जागेचं कळतं, पण नेमकं कळतं. लॅबमध्ये तुकड्यातल्या पेशींवरच्या खुणा तपासतात: सीके-२० आणि सीडीएक्स-२ या खुणा पॉझिटिव्ह आल्या तर बोट आतड्याकडे जातं. टीटीएफ-१ ही खूण आली तर थायरॉइड किंवा फुफ्फुसाकडे. जाताना पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. मेणात बसवलेला छोटासा तुकडा असतो, वर नंबर घातलेला. नवा तुकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरोघरी आहे. मानेच्या किंवा कातडीच्या गाठीत हा धोका अगदी नगण्य. यकृतातली गाठ काढण्याजोगी असेल तर मात्र सर्जनला विचारल्याशिवाय सुई नको, आणि अंडकोषात तर नकोच.

माझं मत स्पष्ट आहे: गाठ हाताला लागत असेल तर आधी बायोप्सी. ती जुन्याच कॅन्सरची निघाली आणि डॉक्टर ‘एकच आहे, काढून टाकू’ म्हणाले, तर त्याआधी पेट स्कॅन टाळू नका. आणखी दोन ठिकाणी आजार असताना एक गाठ कापून पेशंटच्या वाट्याला नुसता त्रास येतो. स्कॅनला चार ते सहा तास उपाशी जावं लागतं. डायबेटिस असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. साखर वाढलेली असली तर त्या दिवशी परत पाठवतात.