रविवारचं चालू घडामोडींचं सत्र: सर उत्तम, टिपण कच्चं

ठाणे पश्चिमेला राम मारुती रोडलगतच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. रविवारी सकाळच्या सत्राला बाहेरच्यांनाही दीडशे रुपये भरून बसता येतं. माझी भाची तिथे जाते. माझी सगळी नोकरी बँकेच्या रोखे विभागात गेली, त्यामुळे 'रशियाचा गोठवलेला पैसा आणि युक्रेनची पुनर्बांधणी' हा विषय वाचून राहवलं नाही.

सर तयारीचे आहेत. न्याय-अन्यायावर भाषण न देता पैसा बसलाय कुठे, इथूनच सुरुवात केली. २०२२ च्या आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. तिचा मोठा हिस्सा बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे. रोख्यांच्या मुदती संपत गेल्या, रोकड साचली, मालकाला ती द्यायची नाही, म्हणून गुंतवली आणि त्यावर नफा सुटू लागला. २०२४ मध्ये जी-७ देशांनी युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज कबूल केलं, ते याच नफ्यातून फिटायचं आहे.

मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, एफडी त्यांची आणि व्याज यांचं?"

"एफडी केव्हाच मॅच्युअर झाली रे. पैसे न्यायला येऊ देत नाहीयेत, एवढंच." इतकं नेमकं उत्तर आमच्या ट्रेनिंग कॉलेजातही कोणी दिलं नसतं.

कुवेतचा दाखलाही छान उलगडला. इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणाची ५२.४ अब्ज डॉलर भरपाई इराकच्याच तेलविक्रीतून वसूल झाली, शेवटचा हप्ता २०२२ मध्ये गेला. पण त्यामागे सुरक्षा परिषदेचा ठराव होता. इथे त्याच परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे. मग मुद्दलाला हात लावायचा कोणत्या कायद्याने?

तक्रार छापील टिपणाबद्दल. त्यात 'नफा पुनर्बांधणीसाठी' असं बिनधास्त लिहिलंय. युरोपीय संघाच्या मे २०२४ च्या निर्णयात त्यातला ९० टक्के वाटा लष्करी मदतीला होता! परीक्षेत पोरांचे मार्क जातील. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुनर्बांधणीचा दहा वर्षांचा खर्च ५२४ अब्ज डॉलर काढला होता. तो आकडा सरांनी फळ्यावर ३०० च्या शेजारी लिहिला, टिपणात मात्र नाही.

आणि बेल्जियम घाईत उरकलं, कारण पुढची बॅच दारात उभी. उद्या मॉस्कोने दावा जिंकला तर भरपाई एकट्या बेल्जियमच्या गळ्यात पडेल, म्हणून गोठवलेल्या पैशाच्या आधारे युक्रेनला कर्ज द्यायच्या युरोपीय योजनेला तिथले पंतप्रधान डे वेव्हर अडून बसले. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाने स्वतः बाजारातून उचल घेऊन युक्रेनला ९० अब्ज युरो द्यायचं ठरवलं, रशियाचा पैसा गोठलेलाच राहिला. खरा विषय तर हाच होता. याला अर्धा तास हवा होता.

पुढे बसा, मागे एसीची घरघर फार. गाडी आणू नका, स्टेशनवरून चालत या. सत्राचे दीडशे रुपये वसूल होतात. टिपणाचे वेगळे वीस मात्र दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत देऊ नका.