पावसजवळ चार दिवस तोंड बंद

अकरा वर्षं आयटीत. डिसेंबरात एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि रोजचा पासवर्डच आठवेना. डॉक्टर म्हणाल्या, बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं पार थकून जाणं. (२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. बॉसला हे सांगून उपयोग झाला नाही.)

फेब्रुवारीत रत्नागिरीहून एसटीनं पावसच्या पुढे एका आमराईतल्या मौनघरात गेले. फोन पहिल्याच दिवशी कपाटात. तिथल्या काकू जेवायला हाक मारत नाहीत, पितळी घंटा वाजवतात. सकाळी मऊ भात, मेतकूट, तूप. दुपारी कुळथाचं पिठलं आणि सार. चारी ठाव नाही, पण पोट शांत.

दुसरा दिवस भयंकर गेला. डोक्यात मीटिंगा चालूच, हात सारखा खिशाकडे. तिसऱ्या दिवशी पावसचे संत स्वामी स्वरूपानंद यांच्या समाधी मंदिरात बसले. श्वास आत 'सो', बाहेर 'हं', त्यांच्या परंपरेतली सोहं साधना. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेर आले तर चपला सापडेनात, आणि चक्क हसू आलं.

तक्रारी आहेतच. गादी पापडासारखी, आणि शेजारच्या वाडीतला पंप पहाटे पाचपासून मौन मोडतो. पैसे रोखच घेतात.

परतताना कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, तर घशातून आवाजच फुटेना. पुन्हा जाईन, पण स्वतःची चटई घेऊन.