फॅक्टोरिओतले रंगीत दिवे : आठ महिने वापरल्यानंतर

मी भोसरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीनच्या डोक्यावर लाल-पिवळा-हिरवा टॉवर लॅम्प असतो. शिफ्ट सुरू झाली की शॉपच्या दारात उभं राहून आधी दिव्यांवर नजर फिरवायची आणि मगच पान्याला हात लावायचा, ही सवय अंगात मुरली आहे. फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळायला घेतला तेव्हा मला पहिल्यापासून तेच हवं होतं. कारखाना पसरत गेला की प्रत्येक पेटी उघडून बघणं जमत नाही. दारात उभं राहून कळलं पाहिजे.

आठ महिन्यांत जे शिकलो ते सविस्तर लिहितो. सगळं 2.0 आवृत्तीबद्दल आहे आणि मूळ खेळापुरतं. स्पेस एज हा त्याचा विस्तार मी अजून घेतलेला नाही.

दिवा म्हणजे एक लोखंडी पत्रा, तीन तांब्याच्या तारा आणि एक इलेक्ट्रॉनिक सर्किट. वीज खातो 5 किलोवॅट. नुसता लावला तर अंधार पडल्यावर पेटतो आणि उजाडल्यावर विझतो. लाल किंवा हिरवी वायर जोडली की तो सिग्नल, म्हणजे वायरीवरून येणारे आकडे, ऐकायला लागतो, अट घातली तर भर दुपारीही पेटतो. 2.0 पासून या वायरी तयार कराव्या लागत नाहीत, खालच्या पट्टीतून उचलायच्या आणि जोडायच्या. हा बदल फार मोलाचा आहे. हात आखडता न घेता प्रयोग करता येतात.

माझं पहिलं काम साधं होतं. लोखंडी पत्र्यांची एक स्टीलची पेटी, 48 कप्पे, प्रत्येकात 100, म्हणजे भरली की 4800. मला हवं होतं : 1200 च्या खाली लाल, 3000 च्या खाली पिवळा, नाहीतर हिरवा. दोन डिसायडर कॉम्बिनेटर (अट खरी ठरली तरच सिग्नल सोडणारे) लावले, लाल आणि पिवळ्यासाठी. हिरवा तर कायमच द्यायचा, म्हणून तो कॉन्स्टंट कॉम्बिनेटरमधून सोडून दिला. पेटी रिकामी केली, दिवा लाल झाला. भरत आणली, हिरवा झाला. पण पिवळा काही केल्या दिसेना.

दीड तास वायरी तपासत होतो. कारण वायरीत नव्हतंच. दिव्याला एकाच वेळी दोन-तीन रंगांचे सिग्नल मिळाले तर तो ठरलेल्या क्रमाने निवडतो : आधी लाल, मग हिरवा, मग निळा, मग पिवळा. माझा हिरवा सतत चालू होता, त्यामुळे पिवळ्याची पाळी येतच नव्हती. उपाय एकच, प्रत्येक रंगाला स्वतःची पूर्ण अट द्यायची. 2.0 मध्ये डिसायडरला एकाहून जास्त अटी घालता येतात, त्यामुळे ‘1200 किंवा जास्त, आणि 3000 पेक्षा कमी’ हे एकाच डिसायडरमध्ये बसतं. आणि आउटपुटला रंग निवडला की सोबत 1 हा आकडा निवडायला विसरू नका. ‘इनपुटचा आकडा’ तसाच राहिला तर तो इनपुटमध्ये लाल रंगाचा सिग्नल किती आहे ते बघतो. तिथे तो नसतोच, आणि शून्य म्हणजे सिग्नल नाही. दिवा गप्प.

दुसरी ठेच रेल्वे स्टेशनवर लागली. सहा पेट्या एकाच लाल वायरीत ओवल्या आणि दिवा लावला. एका वायरीवरचे सारखे सिग्नल एकत्र मोजले जातात, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. पाच पेट्या तुडुंब आणि सहावी कोरडी ठणठणीत, तरी बेरीज भरपूर, म्हणून दिवा हिरवा. त्या सहाव्या पेटीवरचा इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) किती वेळ रिकामा उभा होता देव जाणे. आता महत्त्वाच्या प्रत्येक पेटीला मी स्वतंत्र दिवा देतो. बेरजेचा दिवा ठेवतो, पण वेगळा. लाल आणि हिरवी अशा दोन्ही वायरी एकाच दिव्याला जोडल्या तर तो त्यांचीही बेरीज वाचतो, हेही लक्षात असू द्या.

पण खरा धडा तिसऱ्या महिन्यात मिळाला. तोवर माझे बहुतेक दिवे ‘बिघाड असेल तरच लाल’ असे होते. सगळं ठीक तर दिवा बंद. मी लांब खाणीकडे रूळ टाकत होतो. परत येताना गाडीतून बघितलं, कुठेही लाल नव्हतं. निश्चिंत झालो. खेळात तेव्हा दिवस होता, म्हणून काळोखही जाणवला नाही. प्रत्यक्षात अख्खा कारखाना बंद पडला होता. बॉयलरचा कोळसा कमी पडला, वीज घटली. वीज घटली तसे कोळसा काढणारे ड्रिल आणि तो बॉयलरमध्ये टाकणारे इन्सर्टर मंदावले, मग कोळसा आणखी कमी, वीज आणखी कमी. असं करत सगळं थंड झालं. पहाऱ्यावरच्या लेझर तोफा (टरेट) गप्प, पूर्वेची भिंत खेळातल्या शत्रू किड्यांनी फोडलेली. दिवेही त्याच विजेवर होते, मग लाल पेटणार तरी कसा?

कामावर आम्ही सेन्सर जोडताना हे कटाक्षाने पाळतो : तार तुटली तर मशीन थांबलं पाहिजे. घरी बसून खेळताना ते मी विसरलो, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री ते सगळे दिवे उलटे केले. आता सगळं ठीक असेल तेव्हाही दिवा पेटलेलाच असतो, अंधारा दिवा म्हणजे धावत जायचं. वायर तुटली की वाचन शून्य येतं, म्हणून शून्य नेहमी लालकडेच जाईल अशी अट ठेवायची. पेटीच्या बाबतीत हे आपोआप होतं. पण द्रवाची टाकी 25,000 पैकी 24,000 च्या वर गेली तर लाल, अशी अट घातली असेल तर तुटलेली वायर कधीच लाल दाखवणार नाही. तिथे अर्थपूर्ण हिरवा हवाच : 1 ते 24,000 मध्ये असेल तरच हिरवा. बॉयलरवर आता बर्नर इन्सर्टर आहेत, ते उचललेल्या कोळशावरच चालतात. आणि कोळशाच्या पूर्ण बेल्टवरचा माल मोजून पिवळा दिवा लावलाय. 2.0 मध्ये एका जोडणीतून अख्खा बेल्ट वाचता येतो, त्यामुळे वीज घटण्याच्या बरंच आधी कळतं.

मग धाकटा भाऊ माझ्याबरोबर खेळायला लागला. चौथ्या दिवशी म्हणाला, “दादा, यातला लाल कुठला?” त्याला लाल-हिरव्यात फरक करता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी अख्खा कारखाना त्याच दोन रंगांत रंगवून बसलो होतो. एक पूर्ण रविवार बदलात गेला, पण तो माझा सगळ्यात सत्कारणी लागलेला रविवार. ‘ठीक’साठी हिरव्याऐवजी निळा केला. एका दिव्याच्या जागी दोन लावले, वर बिघाड, खाली ठीक, म्हणजे रंग नाही तरी जागा सांगते. मोठ्या ठिकाणी डिस्प्ले पॅनल बसवलं, त्यावर वस्तूचं चित्र आणि दोन शब्द येतात. आता गस्त तोच घालतो, आणि माझ्यापेक्षा लवकर पकडतो.

सगळ्यात देखणं काम अ‍ॅक्युम्युलेटरचं. वीज साठवणारं हे यंत्र आपला चार्ज A या सिग्नलवर 0 ते 100 असा देतो. एका जाळ्यातले सगळे सारखेच भरतात, म्हणून एकालाच वायर लावली तरी पुरते. दिव्याला लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 असे वेगवेगळे आकडेही देता येतात. A ला आधी 255 ने गुणायचं, मग 100 ने भागायचं, तो झाला हिरवा. 255 मधून तो वजा केला की लाल. क्रम उलटा करू नका. इथे अपूर्णांक नाहीत, आधी 100 ने भागलं तर 99 पर्यंत उत्तर शून्यच येतं. भावासाठी मी हिरव्याच्या जागी निळा घातला. तीन अरिथमेटिक (गणित करणारे) कॉम्बिनेटर, प्रत्येकाचा एक टिक उशीर, सेकंदाला 60 टिक, डोळ्याला काहीच जाणवत नाही.

खेळातला दिवस जेमतेम सात मिनिटांचा. तिन्हीसांजेला सोलर पॅनल थकले की दिव्यांची ती रांग निळ्याकडून जांभळ्याकडे आणि पहाटेपर्यंत लालसर होत जाते, सूर्य आला की पुन्हा निळी. परवा ती जांभळ्यावरच थांबली, निळी होईना. भाऊ म्हणाला, “दादा, पॅनल कमी पडतायत.” मोजलं, तर खरंच कमी पडत होते. चाळीस वाढवले.