ग्लासगोतली छताची पुली: लाकूड उत्तम, बीड उत्तम, दोरी भिकार

ग्लासगोत ‘पुली’ म्हणजे छताला टांगलेलं, दोरीने वर-खाली होणारं, लाकडी पट्ट्यांचं कपडे वाळवायचं साधन. ओल्या चादरींनी भरलेली आमची पुली पहिल्याच हिवाळ्यात एका टोकाने धाडकन खाली आली. पट्ट्या शाबूत, बिडाच्या चौकटी शाबूत, छतातले स्क्रू तसूभरही हलले नाहीत. तुटली ती दोरी, आणि तुटली तीही बरोबर दुहेरी चाकावर, म्हणजे छतातल्या ज्या चाकावरून दोन्ही टोकांच्या दोऱ्या जातात तिथे. विकणाऱ्याचं म्हणणं, दोरी ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. असे सेट साठ ते शंभर पौंडांना विकतात. त्यात पाच-सहा पौंड जास्त घालून धड दोरी द्यायला काय जातं? म्हणून हा अनुभव बराचसा दोरीबद्दलच आहे.

आधी वस्तूबद्दल, कारण वस्तू खरोखर चांगली आहे. ग्लासगोत वर्षाला ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे रत्नागिरीच्या निम्म्याहूनही कमी. पण तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. कोकणात पावसाळ्यात घरातल्या दोरीवर टाकलेले कपडे कुबट वास मारतात, तरी हवा २५-२६ अंशांची असते. इथे हिवाळ्यात घर १६-१७ अंशांवर असतं आणि थंड हवेत पाणी कमी मावतं. टेनेमेंटच्या, म्हणजे इथल्या जुन्या बहुमजली फ्लॅटच्या इमारतीच्या, मागच्या सामायिक अंगणात कपडे वाळवायचे खांब असतात, पण त्यांचा उपयोग मे ते सप्टेंबर, तोही आभाळ बघून. राहिलेले महिने कपडे घरातच वाळणार.

अशा घरात पुलीला तोड नाही. जुन्या टेनेमेंटची छतं तीन मीटरच्या वर असतात आणि छताजवळची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा जाणवण्याइतकी उबदार असते. जमिनीवरच्या घडीच्या स्टँडवर जीन्सला दोन दिवस लागतात, पुलीवर एका रात्रीत कंबरपट्टीसुद्धा सुकते. शिवाय खाली चालायला जागा मोकळी राहते.

पुण्या-मुंबईत बाल्कनीच्या छताला सहा पाइपांचं दोरीवालं स्टँड लावतात, तेच इथे आणून लावावं असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. त्यात प्रत्येक पाइप वेगळा खाली येतो, ही सोय मोठी आहे. पण त्याच्या पट्ट्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवायच्या असतात. इथलं छत म्हणजे लाकडी फळकुट्यांवर चुन्याचा गिलावा. त्यात फास्टनर धरत नाही, गिलाव्याचा पोपडा घेऊन खाली येतो. स्कॉटिश पुलीला मात्र दोनच ठिकाणी पकड लागते.

ती पकड तुळईतच हवी. तुळया साधारण ४०० ते ४५० मिलिमीटर अंतरावर असतात, पण भिंतीतले खांब शोधायचं बॅटरीवालं यंत्र या गिलाव्यात वाटेल तिथे वाजतं. त्यापेक्षा एक जोरदार लोहचुंबक घ्या. फळकुट्या तुळईला खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, त्यामुळे चुंबक ज्या सरळ रेषेत पुन्हा पुन्हा चिकटतो तिथे तुळई असते. मग बारीक टोच्याने खात्री करायची. तीन-एक सेंटिमीटर आत गेल्यावर घट्ट लाकूड लागलं तर काम झालं. भसकन आत गेलं आणि काळी राख डोक्यावर पडली, तर टोचा दोन तुळयांच्या मध्ये शिरला आहे. वरच्या मजल्याचा आवाज खाली येऊ नये म्हणून जुन्या बांधकामात तिथे राख भरत. स्क्रू पाच मिलिमीटर जाड आणि किमान ७५ मिलिमीटर लांब हवा, कारण पहिले २५-३० मिलिमीटर गिलाव्यातच जातात. आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. छताला खरबरीत नक्षीचा लेप असेल आणि तो २००० सालाच्या आधीचा असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासल्याशिवाय ड्रिल लावू नका. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्या.

एक गोष्ट सूचनापत्रकात कुठेच लिहिलेली नसते. दोन्ही चाकांवर भार सारखा नसतो. भरलेली पुली १४ किलोची धरली, तर एकेरी चाकाला, म्हणजे ज्यावरून लांबच्या टोकाची एकच दोरी जाते त्याला, खाली खेचणारा भार सात किलोचा. दुहेरी चाकावर जवळच्या टोकाचे सात, आणि दोरी बांधायच्या भिंतीवरच्या खुंटीकडे उतरणाऱ्या दोन्ही दोऱ्यांचे मिळून आणखी चौदा. म्हणजे जवळपास तिप्पट. सगळ्यात भक्कम तुळई दुहेरी चाकाला द्या, एकेरीचं एवढं काही नाही.

आणि दोरी झिजते तीही तिथेच. पुली दिवसाचे बहुतेक तास वर असते, त्यामुळे दोरीचा तोच एक टीचभर तुकडा कायम चाकावर वाकलेला राहतो. त्यात बिडाच्या चाकाच्या खाचेला ओतकामाची बारीक कड राहिलेली असते. बोट फिरवलं की लागते. सेटमधली दोरी बहुतेक वेळा सुती किंवा तागाची असते. दिसायला सुंदर, जुन्या काळाला शोभणारी, आणि या कामाला सर्वस्वी नालायक. ओल्या कपड्यांची दमट हवा ती पिते, फुगते, सुकली की पुन्हा बारीक होते, आणि त्या कडेवर एकेक पीळ तुटत जातो. वरून काही दिसत नाही, कारण तुटलेले धागे चाकाच्या बाजूला तोंड करून असतात. पुली पूर्ण खाली आणून दोरी उलटी करून बघितली तरच कळतं.

नायलॉन घेऊ नका. ती ताणते, रात्री वर ओढलेली पुली सकाळी चार बोटं खाली आलेली असते. निळी किंवा नारिंगी स्वस्त पॉलिप्रॉपिलीनची दोरी ताठ असते, तिच्यात गाठ बसत नाही. हवी ती विणीची पॉलिएस्टर दोरी, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते तशी. जाडी चाकाची खाच मोजून ठरवा, बहुतेक सेटना सहा मिलिमीटर चालते. त्याहून बारीक घेतली तर ती चाक आणि गाल (चाकाच्या बाजूची पट्टी) यांच्या फटीत घसरून अडकते, आणि मग शिडी लावून पक्कडीने सोडवत बसावं लागतं.

नवी दोरी ओवण्याआधी चाकं काढून खाचेवरून बारीक कानस फिरवा, मग पॉलिश पेपर, मग आसावर मशीन ऑइलचा एकच थेंब. जास्त झालं तर ते पांढऱ्या शर्टावरच ठिबकतं. टोकं लायटरने वितळवून बंद करा, चौकटीला बोलाइन गाठ (न सरकणाऱ्या फासाची) मारा. आणि गाठीपाशी अर्धा मीटर दोरी जादा ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी गाठ सोडून दहा सेंटिमीटर पुढे सरकवायची, म्हणजे चाकावर नवा तुकडा येतो. बोटींवर दोर वर्षानुवर्षं टिकतात ते याच युक्तीने. असं केलं तर ही दोरी लाकडाच्या पट्ट्यांइतकी टिकायला हरकत नाही.

लाकूड पाइनचं असतं, कच्चं. लावण्याआधी पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचा एक हात द्या, नाहीतर गाठींमधला चीक उन्हाळ्यात कपड्याला लागतो. चौकटींवरचा काळा रंग कोपऱ्यात उडाला की तिथे गंज धरतो. पांढरे कपडे मधल्या भागात टाका, टोकाला मोजे नि नॅपकिन.

आता जागा. पुली स्वयंपाकघरातच हवी, असं इथले जुने लोक सांगतात. ग्लासगोच्या गार्नेटहिल भागात स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने, टेनेमेंट हाउस जपलं आहे. ॲग्नेस टोवर्ड नावाच्या टायपिस्ट बाई तिथे १९११ पासून १९६५ पर्यंत राहिल्या. तिथलं स्वयंपाकघर बघा: कोळशाची बिडाची चूल, कोळसा साठवायची जागा, भिंतीच्या कोनाड्यात पलंग. दिवसभर पेटती राहणारी ती एकच खोली, मग कपडे दुसरीकडे कुठे वाळणार? मराठी घरात मात्र तिथे फोडणी बसते. हिंग-मोहरी तडतडली की तेलाची वाफ सरळ वर जाते आणि ओली लोकर ती शोषून घेते. सुती कपड्यातला वास इस्त्रीने जातो, लोकरीतला पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. छतातून हवा बाहेर फेकणारा पंखा टेनेमेंटमध्ये सहसा नसतो, आणि ओट्यावरची चिमणी अनेकदा तीच हवा गाळून खोलीत परत सोडते. सुरुवातीचे काही महिने आमचं मत ठाम होतं की ही वस्तू भारतीय स्वयंपाकाच्या घरासाठी नाहीच.

पुली दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्यांच्या मधल्या लॉबीत हलवली आणि ते मत पार बदललं. टेनेमेंटची लॉबी बिनखिडकीची, उंच आणि चारी बाजूंनी दारांची असते. दारं लावली की बंद खोली तयार, आणि डीह्युमिडिफायरला, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणाऱ्या यंत्राला, नेमकी तीच हवी असते.

त्याच्याशिवाय पुली अर्धीच उपयोगी. १४०० फेऱ्यांवर पिळलेल्या चार किलो कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी उरतं. कपडे वाळले म्हणजे ते पाणी हवेत गेलं, आणि बाहेर काढलं नाही तर एकेरी काचेच्या खिडकीवर, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे जाऊन बसतं. काळी बुरशी येते ती तिथूनच. कपाट भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा.

डीह्युमिडिफायरच्या खोक्यावर दिवसाला २० लिटर लिहिलेलं असतं, तो आकडा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा. ग्लासगोच्या लॉबीत तेवढं कधीच मिळत नाही. काँप्रेसरचं यंत्र २०० वॉटच्या आसपास खातं. आठ तास चाललं तर १.६ युनिट, युनिटला २५ पेन्स धरले तर ४० पेन्स. पण १५ अंशांखाली ते मंदावतं, गोठलेली नळी वितळवण्यातच वेळ घालवतं. शोषक चक्रीचं यंत्र थंडीत बिनतक्रार चालतं आणि गरम हवा सोडतं, मात्र ६०० वॉट खातं. लॉबी १६ अंशांच्या वर राहत असेल तर काँप्रेसरचंच घ्या. यंत्र पुलीच्या थेट खाली, झडप वर करून, आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर. सगळ्यात स्वस्त उपाय तर वॉशिंग मशिनमध्येच आहे: चादरी-टॉवेल पुन्हा एकदा नुसते पिळून काढायचे. त्याला वीज नगण्य लागते आणि पुलीवरचा भारही हलका होतो.

विक्रेत्याशी वाद घालायची वेळ आली तर हे माहीत असू द्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे जबाबदारी दुकानाची, कारखान्याची नव्हे. ‘उत्पादकाला लिहा’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरलं जातं आणि उलट सिद्ध करायचं काम दुकानाचं. ‘झिजणारी वस्तू’ म्हटल्याने ती जबाबदारी आपोआप सुटत नाही. दावा लावायची मुदत स्कॉटलंडमध्ये पाच वर्षं आहे, इंग्लंडमधली सहा नव्हे. पाच हजार पौंडांपर्यंतचा वाद शेरिफ कोर्टात, म्हणजे स्कॉटलंडच्या स्थानिक न्यायालयात, साध्या प्रक्रियेने चालतो, वकील लागत नाही. आम्ही चाकाची कड आणि तुटलेल्या पिळाचे जवळून काढलेले फोटो पाठवले, या कायद्याचं नाव घेऊन लिहिलं, तेव्हा त्यांनी बदली दोरी देऊ केली. तीच, सुती. ती नाकारून दोरीची किंमत मागितली आणि ती मिळाली.

नवी दोरी घेताना दहा मीटरचं तयार पाकीट उचलू नका. छत ३.२ मीटर आणि पट्ट्या १.८ मीटर असतील तर दोन्ही बाजू मिळून ११ मीटर लागतात, वरची जादा धरून साडेबारा. बोटींच्या दुकानात रिळावरून मीटरच्या भावाने कापून देतात.