जप्त झालेली रोकड: विनंती अर्ज करावा की दावा लावावा?

अमेरिकेत गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही पोलीस माणसाची साठवलेली रोकड जप्त करू शकतात. खटला माणसावर नाही, पैशावर चालतो. कागदावर प्रतिवादी म्हणून चक्क डॉलरचा आकडा छापलेला असतो! केंद्रीय यंत्रणेने पैसे घेतले की नोटीस येते आणि समोर दोन वाटा असतात.

पहिली, माफीचा विनंती अर्ज. वकिलाशिवाय भरता येतो, म्हणून बरेच जण तिकडेच वळतात. पण ज्या खात्याने पैसे उचलले, तेच खातं निर्णय देतं. शिवाय जप्ती योग्यच होती असं धरून चालायचं आणि वर दया मागायची. हे मला पटत नाही.

दुसरी, हे पैसे आपले आहेत असा त्या खात्याकडे केलेला रीतसर दावा. 2000 सालच्या कायद्याने ही वाट बरीच मोकळी केली. दाव्यासाठी अनामत रक्कम लागत नाही. दावा आला की साधारण 90 दिवसांत सरकारने कोर्टात जायचं, नाहीतर पैसे परत करायचे. पैशाचा गुन्ह्याशी संबंध सरकारनेच दाखवायचा. जिंकलात तर वकिलाची वाजवी फीसुद्धा सरकारकडून मिळू शकते.

अडचण पैशाचीच. सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही, आणि रक्कम छोटी असली की फी तिच्याहून जास्त होते. कष्टाचे पैसे लोक असेच सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

तरी मी दावाच सुचवेन. दावा शपथेवर असतो. म्हणून फौजदारी चौकशी चालू असेल तर आधी वकिलाला विचारा. नोटिशीचं पाकीट फोडल्याबरोबर शेवटची तारीख बघा, मुदत बहुधा पत्र पाठवल्यापासून 35 दिवसांची असते. पगाराच्या पावत्या, बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी त्याच दिवशी काढून ठेवा.